चंद्राच्या कला खाऊतून शिकवताना झालेला घोळ (मदत हवी आहे)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. हा धागा पालकत्वात टाकावा की पाककृतींत, ते ठरेना. ॲडमिन, चुकला असेल तर हलवा.

लेक दुसरीत आहे. माघ लागला त्या आठवड्यात शाळेतून निरोप आला, चंद्राच्या कला घरी करून आणा, साहित्य काहीही चालेल. बाईंनीच सुचवलं होतं: क्रीमची काळी बिस्किटं घ्या, वरची चकती काढा, पांढऱ्या क्रीमवर चमचा फिरवून चंद्र कोरा आणि पुठ्ठ्यावर गोल मांडा. आणला पुडा. कोरताना सहा बिस्किटं मोडली, मग दुसरा पुडा आणला. कोरून निघालेलं क्रीम कुठे गेलं ते सांगायला नको. रात्री पुठ्ठा टीपॉयवर ठेवला आणि सकाळी बघते तर शुक्ल पक्षाला मुंग्यांची रांग. कृष्ण पक्ष शाबूत. का, ते मुंग्यांनाच ठाऊक.

इथवर ठीक होतं. रात्री अंथरुणात प्रश्न आला, "आई, क्रीम तर मी खाल्लं. चंद्राचं कोण खातं?"

मी ठोकून दिलं, "कुणी खात नाही गं, आपल्या पृथ्वीची सावली पडते त्याच्यावर." ती झोपली आणि मी जागी. सावली पडते ते ग्रहण ना? मग रोजची कोर कशाने होते? एम.कॉम.पर्यंत शिकले, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

दुसरी गोष्ट. द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंत तीन संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर गेलो. गंगापूर रोडला राहतो, पश्चिमेला अजून मोठ्या इमारती नाहीत, त्र्यंबकच्या बाजूचं आकाश मोकळं दिसतं. कोर चक्क आडवी होती, होडीसारखी, टोकं वर. लेकीने वहीत तशीच काढली. वही परत आली ती लाल फुली मारून. 'कोर उभी काढावी. पुस्तकात पाहा.' घरी येऊन ती इतकी रडली की मला बाईंना फोन करावासा वाटला. केला नाही, कारण बरोबर काय ते मलाच माहीत नव्हतं.

तर जाणकारांनो, कोर कशाने होते, ती आडवी का दिसते, आणि बिस्किटांपेक्षा बरा खाऊ कोणता, हे सांगा. सोप्या मराठीत सांगा, मला पुढे सात वर्षांच्या बाईसाहेबांना समजवायचं आहे.

मीच ती

मुंग्यांचं वाचून खूप हसले 😄

करंजी करा की! तयार अर्धा चंद्र, कोरायला नको नि मोडायला नको. गंमत अशी की ज्या दिवाळीत आपण हे अर्धे चंद्र ताटभर तळतो, त्या लक्ष्मीपूजनाला आकाशात अमावास्या असते.

प्राजू इंदिरानगर

आमच्याकडे इडल्या केल्या होत्या. छोट्या इडल्यांचा साचा असतो ना, त्यातल्या. सुरीने कापायला मऊ पडतात. अमावास्येसाठी नाचणीची इडली केली. मुलाने पौर्णिमेपासून सुरुवात करून चटणीसकट अख्खा कृष्ण पक्ष संपवला. सावलीचं मात्र मीही असंच सांगितलंय आजवर 🙈 वाचतेय.

साधा माणूस

बिस्किटं, क्रीम, साखर. मुलांच्या दातांची वाट लावायची आणि त्याला शिक्षण म्हणायचं. आमच्या वेळी वडील अंगणात बोट करून दाखवायचे, संपलं. चंद्र फुकट आहे.

गोदाकाठ

@साधा माणूस, तीन दिवस गच्चीतच होतो की. बघूनच तर प्रश्न पडले.

नभांगण

धागा आवडला. मी हौशी आकाशनिरीक्षक, दुर्बीण पाठीवर टाकून हिंडणाऱ्यांपैकी. जरा लांबण लागेल, पण मुद्दा एकच आहे.

चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो. अमावास्येला, पौर्णिमेला, तुमच्या लाल फुलीच्या दिवशीसुद्धा. सूर्य एका बाजूने उजेड टाकतो, त्यामुळे गोळ्याची सूर्याकडची अर्धी बाजू उजळ आणि पाठ काळोखात. पृथ्वीची जशी एका बाजूला दुपार आणि दुसऱ्या बाजूला मध्यरात्र असते, तसंच. चंद्र आपल्याभोवती फिरतो, म्हणून त्या उजळ अर्ध्यातला किती वाटा आपल्या बाजूला वळलेला आहे, ते रोज बदलतं. कला म्हणतात ती एवढीच. पृथ्वीच्या सावलीचा इथे काही संबंध नाही, ती फक्त ग्रहणात पडते. २०२५ च्या ७ सप्टेंबरला रात्री अकरानंतर खग्रास ग्रहण लागलं होतं, तेव्हा पडली होती तशी.

बिस्किटाचा दोष इथे आहे. बिस्किटात चंद्र खरोखर कमी होतो, चमचाभर क्रीम निघून जातं. मग 'कोण खातं' हा प्रश्न पोर विचारणारच. प्रश्न तिचा बरोबर आहे, चुकलंय ते बिस्किट.

म्हणून खाऊ असा हवा की तो कमी न होता त्याची कला बदलेल. मी भाच्यांसाठी खजुराचे लाडू करतो. बिया काढलेला पाव किलो खजूर, दोन चमचे तूप, मूठभर दाण्याचं कूट. खजूर तुपात मंद आचेवर परतून मऊ झाला की कूट घालून मळायचा, लिंबाएवढे आठ लाडू वळायचे. लाडू काळपट होतात, तेच हवंय. मग एका वाटीत बारीक सुकं खोबरं घेऊन प्रत्येक लाडू त्यात बरोब्बर निम्मा दाबायचा. चिकट असतो, खोबरं लगेच धरतं. झाला चंद्र: एक बाजू पांढरी, एक काळी, कायमची.

आता मांडणी. मुलाला जमिनीवर पाटावर बसवा. भोवती आठ डबे गोलाकार ठेवा, पोह्यांचा, रव्याचा, डाळीचा, जे हाताशी असतील ते, पण लाडू मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे. प्रत्येक डब्यावर एक लाडू, आणि आठही लाडवांची पांढरी बाजू खिडकीकडे. खिडकी म्हणजे सूर्य. मुलाने बसल्या जागी फिरायचं, बस. खिडकीच्या बाजूच्या लाडवाची काळी पाठ दिसेल, ती अमावास्या. पाठीमागचा लाडू पूर्ण पांढरा, पौर्णिमा. दोन्ही हातांना असलेले लाडू अर्धे-अर्धे, अष्टम्या. मधल्या चारांत कोरी आणि फुगीर चंद्र. लाडू आठही सारखेच आहेत, हे मुलाला हात लावून बघू द्या.

खाणं सगळ्यात शेवटी.

मीच ती

__/\__ वयाच्या चाळिशीत कळलं.

सातपूरकर

डबे बेस्ट आयडिया. पण नभांगण, घरातल्या दिव्यावर नाही का होणार? आमच्याकडे एकच लाडू उरलाय आणि तो सासूबाईंनी केलेला तिळाचा.

नभांगण

होईल. खोलीत अंधार करून एकच बल्ब लावा, लाडू काटेचमच्याला टोचून हात लांब करून धरा आणि स्वतः फिरा. त्याला खोबरंही लागत नाही, उजेडच काम करतो. फक्त पौर्णिमेच्या जागी आलात की लाडू डोक्यापेक्षा थोडा वर धरा, नाहीतर तुमच्याच डोक्याची सावली त्यावर पडेल. ते चंद्रग्रहण! मुद्दाम पाडून दाखवा. कला वेगळी नि ग्रहण वेगळं, हे मुलाला त्या एका क्षणात कळतं.

गोदाकाठ

केलं!! आत्ताच उठले डब्यांतून.

पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून लेकीला बसवलं. लाडवांत खोबऱ्याची रेघ सरळ यायला दोन लाडू वाया गेले (म्हणजे गेले नाहीत, आजोबांनी घेतले, त्यांना शुगर आहे, त्यावर घरात वेगळा धागा निघाला). ती खिडकीपासून उजवीकडे फिरायला लागली आणि म्हणाली, "आई, हे चुकतंय, आपल्या गच्चीवरच्या चंद्राची दुसरी बाजू उजळ होती." मी म्हटलं, लाडू उलटा ठेवलास. तिने उठून सगळे तपासले. सगळे खिडकीकडेच होते. आता सांगा, कुठे चुकलो?

नभांगण

लेकीला माझा नमस्कार सांगा. लाडू बरोबर होते, फिरणं उलटं झालं. सूर्याकडे तोंड केलं की डावीकडे वळत जायचं, चंद्र रोज तसाच पूर्वेकडे सरकतो. डावीकडे काटकोनात वळली की समोर अर्धा लाडू आणि उजळ बाजू उजवीकडे: शुक्ल अष्टमी. तुम्ही उजवीकडून गेलात म्हणून वद्य पक्ष आधी आला.

प्राजू इंदिरानगर

वद्य-शुद्धवरून आठवलं. शेजारी उत्तर प्रदेशातलं कुटुंब आहे. आपल्या श्रावण वद्य अष्टमीला त्यांची भादोंची अष्टमी. कृष्ण एकच, दिवस एकच, महिना वेगळा! आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. दोन्ही घरची मुलं यावरून तासभर भांडली होती.

निफाडकर

द्राक्षाचा हंगाम चालू आहे आणि नाशिकच्या धाग्यावर द्राक्षाचं नाव नाही? निषेध.

आमच्या बागेतलं द्राक्ष टॉर्चपुढे धरून पाहिलं. उजेड आरपार, सगळा चंद्र हिरवा, कला कुठली नि काय. कलांसाठी द्राक्ष नापास. पण दुसऱ्या कामाला झकास. पुतणीला अंतर समजवायचं होतं. पृथ्वी म्हणून मोसंबं घेतलं, साधारण सात सेंटिमीटरचं. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या पावपट किंवा किंचित जास्त, म्हणजे दोन सेंटिमीटरला जरा कमी. जाड द्राक्ष बरोब्बर बसतं. मग विचारलं, द्राक्ष किती लांब ठेवू? तिने वीतभर ठेवलं. तुम्हीही तेवढंच ठेवाल. खरं उत्तर दोन मीटर! चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या तीस व्यासांवर. मोसंबं ओट्यावर आणि द्राक्ष थेट दारात गेलं.

नभांगण

निफाडकर, कमाल! यातच गोदाकाठ यांच्या सावलीचं उत्तर आहे. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे. तुमच्या दोन मीटरवर ती द्राक्षाला जवळजवळ वीतभर वर किंवा खाली नेते. आणि त्या अंतरावर मोसंब्याची सावली उरते जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद. म्हणून बहुतेक पौर्णिमांना द्राक्ष सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतं, ग्रहण लागत नाही. याच मापाने सूर्य साडेसात मीटरचा गोळा, आठशे मीटर लांब.

निफाडकर

म्हणजे मोसंबं अशोक स्तंभावर ठेवून सूर्य शोधायला चालत निघायचं 😀

एक सूचना. अगदी लहान पोरांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. उभं चिरून द्या.

साधा माणूस

द्राक्षात साखर नसते वाटतं.

आजी पंचवटी

नातवाने खातं उघडून दिलंय, टायपायला वेळ लागतो, समजून घ्या.

आडव्या कोरीचं वाचलं. बायांनो, कपाळाकडे बघा. चंद्रकोरीची टिकली आपण कशी लावतो? टोकं वर करून. उभी लावलेली कोणी पाहिली आहे का? महादेवाच्या माथ्यावरचीही तशीच काढतात. आपल्या माणसांनी आकाशात बघूनच काढलं असणार. मुलीला म्हणावं, तुझं बरोबर.

आणखी एक. चाळीस वर्षं संकष्टी करते. चंद्रोदयाची वाट बघत गॅलरीत बसायचं, कॅलेंडरात वेळ बघून मोदक तयार ठेवायचे. संकष्टीचा चंद्र उगवताना मी नेहमी पाहते, वरून जरा दाबल्यासारखा असतो. गोल नसतो. नातू म्हणतो, आजी, त्याच्या डोक्यावर कोणी बसलं होतं.

नभांगण

आजी, टिकलीपुढे माझी दुर्बीण फिकी!

त्यावर थोडं शास्त्र. कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. संध्याकाळी सूर्य नुकताच मावळलेला, म्हणजे क्षितिजाखाली. तो जर बरोबर कोरीच्या खाली असेल तर कोरीचं पोट खाली आणि टोकं वर. नाशिक आहे २० अक्षांशावर. फाल्गुन-चैत्रात इथे सूर्य-चंद्राचा मार्ग पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभा असतो, म्हणून होडी अगदी सरळ. भाद्रपद-आश्विनात तोच मार्ग तिरका होतो आणि होडी कलते. लंडनसारख्या उत्तरेकडच्या गावी कोर बरीच उभी दिसते. पुस्तकातलं उभं चित्र खोटं नाही. त्यात फक्त उत्तर वर धरलेली असते, नकाशात धरतात तशी. आपली गच्ची नकाशाप्रमाणे चालत नाही. बाईंशी भांडू नका, त्यांनाच एका संध्याकाळी पश्चिमेला बघायला सांगा.

संकष्टीचंही आजींचं निरीक्षण अचूक. कृष्ण चतुर्थीला चंद्राचा साधारण आठवा हिस्सा गेलेला असतो. सूर्य आता चंद्राच्या मागून, उद्या सकाळी उगवणार, म्हणजे उजळ बाजू खाली क्षितिजाकडे आणि गेलेला हिस्सा वर. म्हणून डोकं चेपलेलं.

मीच ती

आजी, तुमच्या मोदकांचा फोटो?

सातपूरकर

मी पोळीवर करून बघतोय. मुलगा चौथीत, त्याला पंधराच्या पंधरा तिथ्या हव्यात. वाटीने पोळी कापली तर कोर शिंगांसारखी पुढे वळते, चंद्रासारखी दिसत नाही. आणि पंधरा सारख्या पट्ट्या आखून रोज एक पट्टी वाढवली तर आकाशाशी जमत नाही. परवा चतुर्थीला आमच्या हिशोबाने पाव पोळी हवी होती, आकाशात त्याहून पुष्कळ बारीक होती.

नभांगण

दोन्ही गोष्टी छान पकडल्यात.

शिंगं: खऱ्या कोरीची दोन टोकं नेमकी समोरासमोर असतात, मध्ये पूर्ण व्यास. वाटी पोळीपेक्षा लहान असल्याने टोकं व्यासाच्या पुढे सरकतात आणि चावा घेतल्यासारखा आकार होतो. तो ग्रहणाचा आकार. कलेसाठी पोळीपेक्षा मोठी ताटली घ्या, तिची कड पोळीच्या वरच्या आणि खालच्या टोकावरून जाईल अशी ठेवा आणि कापा. फुगीर चंद्राला हीच कड उलट्या बाजूने.

पट्ट्या: एक तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला. असे तीस टप्पे म्हणजे ३६० अंश, एक महिना. पण गोळ्यावरचा उजेड अंशांच्या प्रमाणात वाढत नाही. अमावास्येजवळ हळू, अष्टमीच्या आसपास भराभर, पौर्णिमेजवळ पुन्हा हळू. चतुर्थीला रुंदी जेमतेम सहावा-सातवा हिस्सा, अष्टमीला निम्मी, एकादशीला ऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणून चतुर्दशीचा चंद्र बघून लोक पौर्णिमा समजतात.

तिथी आणि दिवस यांचीही गल्लत नको. चंद्राची कक्षा लंबगोल, तो जवळ असला की भरभर चालतो, लांब असला की रमतगमत. त्यामुळे एक तिथी कधी वीस तासांच्या आत-बाहेर, कधी सव्वीस तासांवर जाते. तिथीचा क्षय, वृद्धी यांचं मूळ हे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस.

सातपूरकर

म्हणजे पोरगं बरोबर, पट्ट्या चूक. पोळ्यांचे तुकडे सगळे मीच खाल्ले, जेवण झालं. मोठ्या ताटलीने उद्या.

प्राजू इंदिरानगर

एक भर घालते. मुलांना वाटतं चंद्र फक्त रात्रीचा. पौर्णिमेनंतर आठवड्याने, वद्य सप्तमी-अष्टमीला, सकाळी सातच्या शाळेच्या रिक्षातून दाखवा. अर्धा पांढरा चंद्र भर उन्हात! आमचा मुलगा रिक्षावाल्या काकांना थांबवायला सांगत होता. शुद्ध अष्टमीला दुपारी चारलाही दिसतो, पूर्वेकडे.

आणि त्र्यंबक रोडवरच्या यशवंतराव चव्हाण तारांगणात एकदा न्या. घुमटाखाली बसल्यावर हे सगळं फिरताना दिसतं.

गोदाकाठ

महिनाभराने धागा वर काढतेय, वृत्तान्त देणं बाकी होतं.

महाशिवरात्र झाली, अमावास्या झाली. मध्ये रोज चंद्र बघायचा, न दिसला तर लाडवांच्या रिंगणात जाऊन 'आज तो कुठे असेल' ते बोट लावून दाखवायचं, असा नेम झाला. लाडू चौथ्या दिवशी संपले. मग बटाटे आले, अर्धे कोळशाने काळे केलेले. ते कुणी खात नाही, टिकतात.

फाल्गुन शुद्ध द्वितीयेला गच्चीवर होतो. कोर केसासारखी बारीक, अगदी आडवी, आणि उरलेला गोल अंधुक राखाडी दिसत होता. लेक म्हणाली, "काळी बाजूपण दिसतेय, मग ती काळी कशी?" मला उत्तर आलं नाही.

वहीतली फुली तशीच आहे. बाईंना मी टिकलीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, कपाळाला हात लावून बघितला, आणि 'पुस्तकाप्रमाणे गुण द्यावे लागतात हो' म्हणाल्या. पण लाडवांचं रिंगण वर्गात करायचं ठरलंय. बेचाळीस मुलं. बटाटे नकोत, लाडूच हवेत, असं वर्गाने आधीच सांगितलंय.

नभांगण

ती राखाडी बाजू आपण उजळतो. अमावास्येच्या आसपास चंद्रावरून पाहिलं तर पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसते, तिच्याकडे 'पृथ्वीची पौर्णिमा'. पृथ्वीवरून परतलेला उजेड चंद्राच्या काळोख्या बाजूवर पडतो आणि तो तुम्हाला गच्चीतून दिसला. म्हणजे सूर्याचा उजेड पृथ्वीवर, तिथून चंद्रावर, तिथून पुन्हा तुमच्या लेकीच्या डोळ्यांत.

सातपूरकर

चंद्रावरून पृथ्वीच्याही कला दिसतात??

नभांगण

दिसतात, नेमक्या उलट्या. आपली पौर्णिमा तेव्हा तिथे पृथ्वीची अमावास्या. चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो, म्हणून तिथल्या आकाशात पृथ्वी उगवत-मावळत नाही. एका जागी टांगल्यासारखी राहून कला बदलते.

चौथीतल्या मुलाला चांद्रयान-३ सांगा. विक्रम उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, नागपंचमीनंतर दोनच दिवसांनी, श्रावण शुद्ध सप्तमीला. त्या जागी तेव्हा नुकतीच सकाळ झाली होती. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा. सौर पॅनेलवर चालणाऱ्या विक्रम आणि प्रज्ञानला तो अख्खा दिवस कामाला मिळावा म्हणून सकाळ गाठली. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे संध्याकाळ झाली, तेव्हा दोघांना झोपवलं. आपल्याकडे तेव्हा वद्य पक्ष सुरू झाला होता.

सातपूरकर

पोरगं आता विक्रमची जागा पोळीवर दाखव म्हणतंय. खालच्या बाजूला तुपाचा ठिपका दिला.

आजी पंचवटी

होळीला पुरणपोळी अख्खी ठेवा बरं. कापाकापी करू नका. पौर्णिमा आहे.

साधा माणूस

गोदाकाठ, नातीने शाळेतून तुमच्या लाडवांचं सांगितलं. ती त्याच वर्गात आहे असं दिसतंय. बिया काढलेला खजूर बरा कुठे मिळतो?

गोदाकाठ

😄 रविवार कारंजाजवळच्या किराणा दुकानांत बघा, सुटा मिळतो, दाबून मऊ आहे का ते बघून घ्या. बेचाळीस मुलांचं गणित: सहा-सहाची सात रिंगणं, एका रिंगणाला आठ लाडू, म्हणजे छप्पन्न. पौणेदोन किलो खजूर लागेल. निम्मे तुम्ही कराल का?

साधा माणूस

अठ्ठावीस करतो. खोबरं निम्म्यापर्यंतच ना?